चालू हाय

माझी पत्रिका कुणी कधी कुणाशी जुळवून पाहिली नाही. जिच्या कमरेखाली जीव नाही तिच्यासाठी एवढी तसदी कोण घेणार? ती हौस मी बारावीच्या वर्षी आमच्या कॉम्प्युटरवर भागवून घेतली. घरात एक म्हातारा पेंटियम फोर होता आणि त्याच्या जागी मला ड्युअल कोअर प्रोसेसर आणायचा होता. गुण जुळवायचे होते कॉम्प्युटरच्या आतल्या मदरबोर्डाशी. प्रोसेसर बसतो ते सॉकेट तेच आहे का, बोर्डाचा वेग प्रोसेसरला पुरतो का, प्रोसेसर मागतो तेवढी वीज बोर्ड देतो का, वरचा पंखा तेवढी गरमी ओढून घेईल का. लग्नात छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी मुहूर्त काढतात. इथे एक चुकला की सगळं मुसळ केरात.

आणि ही नुसती हौस नव्हती. मे महिन्यात सीईटी होती. मला नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं होतं, होस्टेलवर राहायचं होतं, आणि घरातून सुटायचं होतं. अप्पांवर माझा जीव होता आणि मला त्यांच्यापासून लांब जायचं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे ज्याला पटत नाही तो आमच्या घरात राहिलेला नाही.

त्या वर्षांत लातुरात क्लासचं नुसतं पीक आलं होतं. भोकर, मुखेड, हदगावची पोरं ट्रंका घेऊन एसटीतून उतरायची आणि मोकळी दिसेल त्या भिंतीवरून कुठले ना कुठले सर त्यांच्याकडे बघून हसायचे. आमचं पोटही या पोरांवरच होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील उमाशंकर, त्यांना जेवणाचे डबे पुरवायचे. सायकलला डबे अडकवून होस्टेलपर्यंत जायचे, पण आत पाऊल टाकायचे नाहीत. रस्त्यावर उभं राहून घंटी वाजवायची आणि पोरांनी जिने उतरून डबा न्यायचा, अशी त्यांची पद्धत होती. अप्पा स्लॅबखाली जात नसत. बँकेत नाही, लग्नाच्या हॉलमध्ये नाही. मला दवाखान्यात न्यायचं असलं तरी आत गुरम्मा आत्या यायची आणि अप्पा फाटकाबाहेर लिंबाखाली बसायचे. आमचं स्वतःचं घर म्हणजे दोन खोल्या आणि वर पत्रा.

मला हवा होता तो क्लास नेमका तिसऱ्या मजल्यावर होता, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. सर वाईट नव्हते. म्हणाले, "पोरीला पाठीवर घेऊन वर आणा, पहिल्या बाकावर बसवतो." अप्पा मला पाठीवर घेऊन रस्त्यावरच उभे राहिले. सरांना वाटलं हा माणूस लाजतोय. अप्पांची पाठ माझ्या पोटाखाली थरथरत होती, ते मला कळत होतं, सरांना नाही. शेवटी सरांनीच तोड काढली. त्यांच्या क्लासच्या शिकवणीच्या डीव्हीडी निघाल्या होत्या, त्या त्यांनी मला दिल्या. त्या टीव्हीवर लागत नसत, क्लासचं सॉफ्टवेअर टाकलेल्या कॉम्प्युटरवरच लागत. आमच्या पेंटियमवर त्या लावल्या तेव्हा सरांचा हात फळ्यावर अडकून बसला. आवाज पुढे गेला, हात मागे राहिला. समीकरण अर्धं दिसेपर्यंत सर पुढच्या गणितावर पोचलेले असायचे.

म्हणून प्रोसेसर.

आता अप्पांच्या रोगाबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्यांची खाट दाराला चिकटून असायची. दाराला कडी कधी लावायची नाही, चपला बाहेर तोंड करून ठेवायच्या. आणि जरा काही हादरलं, भांडं वाजलं, पत्रा थरथरला, की ते आधी भिंतीवरचं मेन स्विच खाली ओढायचे आणि मग मला उचलून रस्त्यावर पळायचे. "आधी लाईट, मग माणूस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गल्लीला ते पाठ होतं. एकदा मी डोक्याला साबण लावून बसले होते आणि बाहेरून बोअर मारायची गाडी गेली. अप्पांनी मला टॉवेलात गुंडाळून तशीच रस्त्यावर आणली. फेस डोळ्यांत, आणि समोर पेपर टाकणारा. गल्लीत आठवडाभर हसणं चालू होतं. मीही हसले, नंतर रडले.

हे असं का, ते अप्पांनी मला कधी सांगितलं नाही. आत्यानं सांगितलं. त्र्याण्णव साली भूकंपात आमचं गाव गेलं, किल्लारीच्या पलीकडचं. मी दोन वर्षांची होते. आदल्या रात्री गणपती शिरवले होते. मंडळाच्या मांडवाला लाईट पाहिजे म्हणून अप्पांनीच खांबावर आकडा टाकला होता. सकाळी काढू, असं म्हणून वायर तशीच राहिली. पहाटे दगडमातीची घरं खाली बसली. माझी आई महादेवी बाहेर पडली होती, तिला खरचटलंही नव्हतं म्हणे. अप्पा मला दगडाखालून ओढत होते. ती मदतीला वाकली आणि तिनं आधाराला पडलेल्या मांडवाच्या पत्र्यावर हात टेकवला. कुणीतरी अंधारातून ओरडलं, "चालू हाय! वायर चालू हाय!" तोवर तिचा हात टेकला होता. भूकंपानं आमच्या घरातलं माणूस मारलं नाही, फक्त माझी पाठ मोडली. आईला आकड्यानं नेलं.

आत्यानं सांगून झाल्यावर मला शपथ घातली की अप्पांना यातलं काही विचारायचं नाही. मी कधी विचारलं नाही.

प्रोसेसर जिलानीभाईंकडून घ्यायचा होता. मेन रोडला त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि अप्पांचा डबा त्यांच्याकडे दुपारी जायचा. ते घरी आले, कॉम्प्युटरचा डबा उघडून बोर्डावर फुंकर मारली आणि म्हणाले, "सॉकेट तर सेमच हाय, वर्षाबेटा. बसतो की आरामात."

"बसतो ते खरं, पण बोर्ड त्याला ओळखतो का?" मी म्हणाले. सॉकेट एक म्हणजे नुसती जात एक. तेवढ्यावर संसार होत नाही, हे सांगायला आमच्या गल्लीत चार उदाहरणं होती.

बोर्डाचा नंबर मी आधीच उतरवून घेतला होता. जिलानीभाईंनी तो दुकानातल्या इंटरनेटवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी हसत आले. माझा ड्युअल कोअर चालणार होता, पण एका अटीवर. बोर्डाच्या पोटात बायोस नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो, बोर्डाला अक्कल देणारा. आमचा बायोस जुना होता, त्याला हा नवा पाहुणा माहीतच नव्हता. म्हणजे जुना प्रोसेसर जागेवर असतानाच आधी बायोस नवा लिहायचा आणि मगच प्रोसेसर बदलायचा.

"आन एक ध्यानात ठिवा, अण्णा," जिलानीभाई अप्पांना म्हणाले, "त्यो लिहून राहिला तवा लाईट जायला न्हाई पायजे. अर्ध्यात गेली तर बोर्ड मेला. मग त्यो जुन्यालाबी वळखत न्हाई आन नव्यालाबी न्हाई."

अप्पांनी मान हलवली. लाईटची भीती त्यांना कुणी शिकवायला नको होती.

लातुरात तेव्हा लोडशेडिंगचा सुळसुळाट होता, पण त्याचा तरी बंदोबस्त करता येत होता. जिलानीभाईंनी दुकानातला यूपीएस आणला, भरलेल्या बॅटरीचा. आम्ही दुपारची वेळ धरली, लाईट जाऊन आल्यानंतरची. अप्पांनी तर कमाल केली. डबे लवकर उरकले, फ्रीज नसलेल्या घरात पंखा सोडून जेवढ्या म्हणून वस्तू वीज खातात तेवढ्या बंद केल्या आणि स्वतः मेन स्विचखाली स्टूल टाकून बसले.

"कुनी चुकून हात लावंल," ते म्हणाले. घरात आम्ही तिघंच होतो. मला हसू आलं. मला त्यांचा अभिमानही वाटला, तोही सांगून टाकते. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस लाईट घालवायला नाही, राखायला बसला होता.

शेजारच्या प्लॉटवर तेव्हा मुलींचं होस्टेल व्हायचं होतं. क्लासच्या पोरींसाठी, चार मजली. त्यासाठी तिथलं जुनं घर पाडत होते. सकाळपासून जेसीबीचा घरघराट होता आणि अप्पांना त्याची सवय झाली होती, निदान तसं ते म्हणत होते.

जिलानीभाईंनी बायोस लिहायला लावला. काळ्या पडद्यावर एक पांढरी पट्टी हळूहळू सरकू लागली. मी तिच्याकडे बघत होते. तिच्यासोबत माझं नांदेड सरकत होतं, तळमजल्यावरची एक खोली, जिला मी आतून कडी लावणार होते. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली.

आणि शेजारची भिंत पडली.

जुनी, रुंद, दगडमातीची भिंत होती ती. जेसीबीनं ढकलली आणि ती एकदम बसली. जमीन खालून उचलल्यासारखी झाली, पत्रा खडखडला, मांडणीवरचे डबे खाली आले. अप्पा स्टुलावरून उठलेले मी पाहिले नाहीत. खटका पडल्याचा आवाज तेवढा ऐकला. पंखा फिरायचा थांबला.

पण पडदा जिवंत होता. यूपीएस टीं टीं करू लागला आणि पांढरी पट्टी तशीच पुढे सरकत राहिली. जिलानीभाईंचा जीव भांड्यात पडला. आनंदानं ते ओरडले, "चालू हाय! अण्णा, चालू हाय!"

अप्पांनी जे केलं त्यात त्यांचा विचार नव्हता. मी त्यांचा चेहरा पाहिला आहे. त्या चेहऱ्यावर मी नव्हते, जिलानीभाई नव्हते, लातूर नव्हतं. त्यांनी झेप घेतली आणि यूपीएसमधून निघालेली सगळी वायर मुठीत धरून उपटली. दोन्ही पिना जागेवरून सुटल्या. पडदा काळा झाला. मग त्यांनी मला उचललं आणि रस्त्यावर आणलं.

रस्त्यावर धुळीचा लोट होता. जेसीबीवाला खाली उतरून तंबाखू मळत होता. त्यानं आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं हो, काका?"

अप्पा मला धरून उभे होते. त्यांचं काळीज माझ्या बरगडीवर आपटत होतं. हळूहळू त्यांना जेसीबी दिसला, पडलेली भिंत दिसली, दारात उभे असलेले जिलानीभाई दिसले. त्यांनी मला ओट्यावर ठेवलं आणि विचारलं, "मेला का?"

"अण्णा, माझीच चुकी झाली. मी काय बोलून गेलो," जिलानीभाई म्हणाले. त्यांना आमच्या आईचं माहीत होतं. साऱ्या गल्लीला माहीत होतं.

"मेला का, ते सांगा."

"हाव."

"आता नवा न्हाई तर न्हाई. जुना तरी चालंल का त्याच्यात?"

"आता जुनाबी न्हाई, अण्णा."

मला इतका राग आला होता की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी म्हणाले, "अप्पा, लोडशेडिंग परवडलं. त्याला टाईमटेबल तरी असतं." अप्पांनी मान खाली घातली. मला वाटलं ते चिडतील. ते आत गेले आणि पडलेले डबे गोळा करू लागले. त्या संध्याकाळी पोरांचे डबे वेळेवर गेले. भाजीत मीठ नव्हतं.

जिलानीभाईंनी बोर्ड हैदराबादला पाठवला, पण स्पष्ट सांगितलं की तो येईपर्यंत परीक्षा होऊन जाईल. त्या जातीचा बोर्ड बाजारात मिळेना. नवा बोर्ड घ्यायचा तर त्याला रॅम नवी, बाकीचंही बरंच नवं, आणि अख्खा नवा संच घ्यायची आमची ऐपत नव्हती. माझा ड्युअल कोअर प्लास्टिकच्या डबीत पडून होता. सगळे गुण जुळलेला नवरा, आणि नांदायला घर नाही.

मग जिलानीभाईंनीच विषय काढला. अप्पा डबा द्यायला गेले होते, त्यांना म्हणाले, "दुपारी माझ्याकडं गिऱ्हाईक नसतंय. दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसू द्या वर्षाला. क्लासचं सॉफ्टवेअर मी टाकून घेतो."

दुकान तळमजल्यावर होतं, दोन पायऱ्या चढून. पण डोक्यावर तीन मजले होते, आणि त्या तीन मजल्यांत दोन क्लास, एक अभ्यासिका आणि पोरं. अप्पांनी घरी येऊन मला हे सांगितलं. निरोप सांगून ते भाकरी थापायला बसले. मी म्हणाले, "मी जाणार." तव्यावरची भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला पाठीवर घेतलं आणि मेन रोडला नेलं. मला वाटलं होतं, आज ते पायऱ्या चढतील. बाप आहे, आज तरी चढेल. मी खरंच तसं धरून चालले होते. पहिल्या पायरीशी ते थांबले. एक पाय उचलला, तो हवेत राहिला, मग परत खाली आला. मानेवर घाम सुटला होता, तो माझ्या हाताला लागला.

"व्हत न्हाई, माय," ते म्हणाले.

जिलानीभाई शटरखाली उभे होते. म्हणाले, "थांबा, वहिदाला, माझ्या घरवालीला, बोलवून घेतो. ती धरंल पोरीला."

"नको," मी म्हणाले. "अप्पा, खाली ठेवा मला."

"हितं? रस्त्यावर?"

"पायरीवर ठेवा."

त्यांनी ठेवलं. मी हात मागे टेकवले, अंग वर उचललं आणि दुसऱ्या पायरीवर बसले. मग वर दुकानात. पाय मागून घसटत येत होते. दुकानाच्या फरशीवर लोकांच्या चपलांची माती होती, तुटलेले स्क्रू होते, वायरचे तुकडे होते. तळहाताला एक तुकडा टोचला. चहाच्या गाड्यावरची दोन पोरं बघत उभी राहिली. बघू दे. मला पायरी चढता येते हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं कुणी खालीच ठेवलं नव्हतं.

जिलानीभाईंनी खुर्ची काढून कॉम्प्युटर खाली फरशीवर मांडला, न सांगता. बटण दाबलं. ते सवयीनं काहीतरी बोलायला गेले, तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाले, "लागला बघ." त्यानंतर 'चालू' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

पडद्यावर सर आले. आवाज आणि हात सोबत आले. हात कुठेही अडकत नव्हता. मला रडू आलं आणि मी ते तसंच वाहू दिलं, कारण पुसायला हात मातीचे होते.

मग मी बाहेर बघितलं. अप्पा गेले नव्हते. दुकानाच्या बाहेर, पायऱ्यांच्या बाजूला उघड्यावर, साऱ्या इमारतीचे मीटर एका फळीवर लावलेले होते, प्रत्येकाखाली त्याचं त्याचं मेन स्विच. अप्पा त्या फळीशी उभे होते. कोणतं स्विच जिलानीभाईंचं, ते त्यांनी शोधून काढलं होतं. उजवा हात त्याच्याजवळ होता. जिलानीभाईंनीही ते पाहिलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

लांबून ट्रक येत होता, तुरीच्या पोत्यांनी भरलेला, बाजार समितीकडे जाणारा. मेन रोडच्या खड्ड्यांत तो आदळला की काउंटरची काच वाजायची. ती आता वाजू लागली. फरशीतून हादरा माझ्या तळहातात आला. मी पडद्याकडे बघितलं, कारण पडदा आता जाणार होता.

तो गेला नाही. मी वळून पाहिलं. अप्पा फळीपासून बाजूला झाले होते. पायरीवर बसले होते, दुकानाच्या दारात, स्लॅब जिथे संपतो तिथे. उजवा हात त्यांनी स्वतःच्या मांडीखाली घातला होता आणि सगळ्या अंगाचा भार त्याच्यावर टाकला होता. ट्रक अगदी समोरून गेला तेव्हा ते पाठीपासून मानेपर्यंत थरथरत होते. हात सुटायला बघत होता. ते त्याला दाबत होते.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी हाक मारली असती तर ते आत आले असते का, मला माहीत नाही. मी हाक मारली असती तर मी मात्र बाहेर गेले असते, आणि परत आले नसते, हे मला माहीत होतं.

मागून आणखी एक ट्रक येत होता. मी मान पडद्याकडे फिरवली. सरांचं एक वाक्य सुटलं होतं. मी डीव्हीडी थोडी मागे घेतली आणि ते पुन्हा ऐकलं.